निकालानंतर सापडलेला कागद

(युवकांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. इंजिनियरिंग शिकलो आणि गेली काही वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतो. मग फौजदारी अपिलांवर मी का बोलतोय? कारण आज पुरावा पंचनाम्याच्या कागदावर जेवढा असतो, त्याहून जास्त तो कुठल्या तरी सर्व्हरवर असतो. मोबाइल कंपनीच्या नोंदींत, दुकानाच्या कॅमेऱ्यात, बँकेच्या यंत्रणेत. आणि सर्व्हरवरच्या गोष्टीचं आयुष्य किती असतं, ती कशी पुसली जाते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला रोज दिसतं.

आपल्या मोहल्ल्यात एखाद्या पोराला पोलिसांनी उचललं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. तासाभरात दोन गट पडतात. एक म्हणतो, 'आगीशिवाय धूर निघत नाही.' दुसरा म्हणतो, 'त्याला गोवलंय.' दोघंही फॉरवर्ड करत राहतात. या गडबडीत एक काम कुणीच करत नाही, ते म्हणजे कागद जमवणं. त्या रात्री तो कुठे होता, हे दाखवणारं समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पंधरा-वीस दिवसांत आपोआप पुसलं जातं. खटला उभा राहतो तीन वर्षांनी. शिक्षा होते सहा वर्षांनी. आणि मग अपिलाच्या वेळी घरचे वकिलाला विचारतात, 'साहेब, आता हे दाखवता येईल का?'

आज मला या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. निकाल लागल्यावर नवा पुरावा कोर्टापुढे ठेवता येतो का? आणि जो कागद आपल्याकडे नाही, पोलिसांकडे किंवा कंपनीकडे आहे, तो कोर्टामार्फत मागवता येतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' आहे. पण त्या 'हो'ला अटी आहेत, आणि त्या अटी निकालाच्या खूप आधी पाळाव्या लागतात.

अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. 'खाली हरलो तर काय झालं, वर पुन्हा लढू,' असं आपण सहज म्हणतो. पण अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टात जे नोंदलं गेलं, साक्षी, उलटतपासणी, दाखल झालेले दस्तऐवज, ते सगळं बाड वरच्या कोर्टात जातं आणि न्यायाधीश ते वाचून ठरवतात की निकाल बरोबर होता की चूक. बाडात जे नाही, ते सर्वसाधारणपणे त्यांच्यासाठी नाहीच.

या नियमाला कायद्याने एक अपवाद ठेवला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३९१ होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम ४३२ आहे. आशय तोच. अपील ऐकणाऱ्या कोर्टाला जादा पुरावा आवश्यक वाटला, तर ते कारणं लिहून तो पुरावा स्वतः घेऊ शकतं किंवा खालच्या कोर्टाला घ्यायला सांगू शकतं. तो घेताना आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला हजर राहण्याचा हक्क आहे. फाशीची शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयात येतं, तेव्हासाठी अशीच वेगळी तरतूद आहे.

कलम छोटं आहे. त्यातला सगळा जोर 'आवश्यक' या एका शब्दावर आहे. कुणासाठी आवश्यक? आरोपीसाठी? सरकारसाठी? न्यायालयांनी वेळोवेळी दिलेलं उत्तर असं की, न्याय होण्यासाठी आवश्यक. तो पुरावा न घेतल्यास अन्याय होईल का, हा प्रश्न आहे. म्हणून हे दार कुणा एका पक्षाचं नाही. ते आरोपीसाठी उघडतं तसं फिर्यादी पक्षासाठीही उघडतं. हे आपण नीट समजून घ्यायला हवं, कारण हे कलम देशभर माहीत झालं ते पीडितांच्या खटल्यामुळे.

बेस्ट बेकरी

१ मार्च २००२ च्या रात्री वडोदऱ्यात हनुमान टेकडी भागातल्या बेस्ट बेकरीवर जमावाने हल्ला केला. १४ माणसं मारली गेली. त्यात बेकरी चालवणाऱ्या कुटुंबातली माणसं होती, कामगार होते. खटला जलदगती न्यायालयात चालला. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. २७ जून २००३ रोजी सगळे २१ आरोपी निर्दोष सुटले.

त्यानंतर काही साक्षीदारांनी सांगितलं की आम्हाला धमकावलं होतं, म्हणून आम्ही कोर्टात खोटं बोललो. सरकारने उच्च न्यायालयात अपील केलं आणि त्याबरोबर कलम ३९१ खाली अर्ज दिला, की ही शपथपत्रं पाहा, जादा पुरावा घ्या. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये अपील आणि अर्ज दोन्ही फेटाळले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ एप्रिल २००४ च्या 'जाहिरा शेख विरुद्ध गुजरात राज्य' या निकालात न्यायमूर्ती दोराईस्वामी राजू आणि अरिजित पसायत यांच्या खंडपीठाने हा निर्णय रद्द केला. निकालाचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगतो. बाडात जे आहे तेवढंच बघणार, असं अपील कोर्टाने म्हणणं एरवी ठीक आहे. पण ते बाडच धाकदपटशाने आणि ढिसाळ तपासाने भरलं गेलं असेल, तर फक्त त्याकडे बघून न्याय करता येत नाही. खटला नव्याने चालवण्याचा आदेश झाला, आणि तोही गुजरातबाहेर, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या कोर्टात.

मुंबईतल्या विशेष न्यायालयाने २४ फेब्रुवारी २००६ रोजी ९ जणांना जन्मठेप दिली, ८ जणांना सोडलं. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली आणि पाच जणांना पुराव्याअभावी सोडलं.

या गोष्टीचा एक भाग आपण सांगताना गाळतो. ज्या मुख्य साक्षीदार महिलेच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, ती मुंबईतल्या खटल्यात पुन्हा फिरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद दिली. शिक्षा टिकली ती मुख्यतः त्या रात्री जखमी झालेल्या बेकरी कामगारांच्या साक्षीवर. त्यांनी पाहिलं ते सांगितलं आणि ओळखता आलं त्यांनाच ओळखलं. ज्यांच्याविरुद्ध पुरावा पुरला नाही ते सुटले. नवा पुरावा घ्यायला दार उघडलं, तरी आत गेलेला पुरावा कसोटीला लागतोच. जमावाने माणसं जाळल्याचं दुःख कितीही खरं असलं, तरी 'हाच तो माणूस' हे वेगळं सिद्ध करावं लागतं. आपल्यावर अन्याय झाला असेल तेव्हाही हे लागू आहे, आणि आपल्यातला कुणी आरोपी असेल तेव्हाही.

दार कधी बंद होतं

आता दुसरी बाजू. 'रामभाऊ विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की जादा पुराव्याचा हा अधिकार अपवाद आहे, तो जपून वापरायचा. खटल्यात राहिलेली भोकं बुजवायला तो नाही.

२०२४ च्या जानेवारीतला एक निकाल तर तुमच्यापैकी धंदा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. प्रकरण गुजरातमधलं, चेक न वटल्याचं. आरोपीचं म्हणणं, चेकवरची सही माझी नाही. शिक्षा झाल्यावर अपिलात त्याने अर्ज केला की सही हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवा. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. का? बँकेचा साक्षीदार पिंजऱ्यात होता, तेव्हा त्याला सहीबद्दल विचारलंच नव्हतं. बँकेकडच्या नमुना सहीची प्रमाणित प्रत मागवता आली असती, ती मागवली नाही. खालच्या कोर्टाने तज्ज्ञाचा अर्ज फेटाळला होता, त्या आदेशाला आव्हान दिलं नाही. न्यायालय म्हणालं, नीट प्रयत्न करूनही जो पुरावा खटल्यात आणता आला नाही, किंवा जी गोष्ट खटला संपल्यावरच उजेडात आली, त्यासाठीच हे कलम आहे.

यातून एक साधी कसोटी हाती लागते. अपिलात नवा कागद घेऊन गेलात की पहिला प्रश्न येणार, 'आधी का नाही आणला?' याचं उत्तर तोंडी चालत नाही. 'आम्ही अमुक तारखेला लेखी मागितला होता, हा अर्ज, हा नकार, हे त्या नकाराला दिलेलं आव्हान,' असं दाखवता आलं पाहिजे. म्हणजे अपिलातला नवा पुरावा खटल्याच्या काळात केलेल्या अर्जांवर उभा राहतो. खालच्या कोर्टात नाकारला गेलेला अर्ज वाया जात नाही. तो बाडात राहतो आणि वर उपयोगी पडतो.

कागद मागण्याचा हक्क

दुसऱ्याच्या ताब्यातला दस्तऐवज मागवण्याचा अधिकार जुन्या संहितेत कलम ९१ मध्ये होता, नव्या संहितेत तो कलम ९४ मध्ये आहे. कोर्ट समन्स काढून कुणाकडूनही दस्तऐवज मागवू शकतं. नव्या कलमात इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असलेली उपकरणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आरोपीने हा अधिकार कधी वापरायचा, यावर बराच खल झाला आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवेंद्रनाथ पाढी प्रकरणात सांगितलं की दोषारोप ठरवण्याच्या टप्प्यावर आरोपीला सहसा कागद मागवता येणार नाहीत, बचावाच्या टप्प्यावर येतील. २०१७ मध्ये त्याला एक खिडकी ठेवली गेली. तपास अधिकाऱ्याने हाती असलेला अत्यंत भक्कम स्वरूपाचा कागद दडवला असेल, तर कोर्ट तो आधीही मागवू शकतं. आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दल जे निर्देश दिले, त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. पोलिसांनी जप्त केलेले पण आरोपपत्रात न वापरलेले जबाब, दस्तऐवज आणि वस्तू यांची यादी आरोपीला द्यायची.

ही यादी का महत्त्वाची? आपल्याला आरोपपत्र मिळतं ते पोलिसांनी निवडलेल्या कागदांचं. न निवडलेल्या कागदांत काय आहे, हे कळायला मार्ग नसतो. जे अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, ते मागणार कसं? यादी हाती आली की नाव घेऊन मागता येतं. म्हणून वकीलसाहेबांना पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न हा, 'न वापरलेल्या कागदांची यादी मिळाली का?'

डेटाचं आयुष्य

आता माझ्या विषयाकडे येतो. कागदाला वाळवी लागायला वर्षं जातात. डेटाला तेवढी सवड नसते. यंत्रणेत जागा मर्यादित असते, म्हणून जुन्यावर नवं लिहिलं जातं. हा कट नसतो, ती रोजची व्यवस्था असते.

मोबाइल कंपन्यांनी कॉलच्या नोंदी पूर्वी एक वर्ष ठेवायच्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून ही मुदत किमान दोन वर्षं झाली. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण १८ महिने ठेवावं आणि ते शक्य नसेल तिथेही किमान एक वर्ष, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं. खासगी दुकानाच्या, सोसायटीच्या कॅमेऱ्याला अशी मुदत नाही. हार्ड डिस्क भरली की संपलं. आपल्याकडच्या अपिलाचा काळ आणि या मुदती शेजारी ठेवून बघा. अपिलाची सुनावणी सुरू होईपर्यंत मागण्यासारखं बहुतेक काही शिल्लक नसतं.

यावर उपाय आपल्याच मराठवाड्यातल्या एका खटल्यातून आला आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला का, हा वाद. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. ते कोर्टात ग्राह्य धरायला त्यासोबत प्रमाणपत्र लागत होतं आणि अधिकारी ते देत नव्हते. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल' या १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. पण ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला भाग पाडेल. त्याच निकालात मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांना आदेश आहे की तपासात एखादी कॉल नोंद जप्त झाली, तर त्या काळातल्या संबंधित नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवायच्या, म्हणजे पुढे बचावपक्षालाही त्या मागवता येतील.

नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून तुमच्या हाती काही चित्रण लागलं, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅप फाइल दाबून लहान करतं, ती मग मूळ फाइल राहत नाही. ज्या यंत्रात चित्रण आहे ते यंत्र, त्याचा मालक आणि मूळ प्रत या तिन्ही गोष्टी जपा.

कॉलच्या नोंदींवरून किती मोठी लढाई होऊ शकते, याचं उदाहरण मुंबईतच आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. या खटल्यात आरोपींच्या मोबाइलच्या नोंदी मिळाव्यात म्हणून बचावपक्षाला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १२ही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातला एक जण तोवर तुरुंगात असतानाच वारला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. मधे १९ वर्षं गेली. आरोपींच्या घरांत ती गेली, तशी स्फोटात माणसं गमावलेल्या घरांतही गेली. त्या घरांना अजून उत्तर नाही. नोंदी वेळेत समोर येण्यात दोघांचंही हित होतं.

यंत्र खोटं बोलतं तेव्हा

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच घडतं. नाही. माझ्या क्षेत्रातलं यातलं सगळ्यात मोठं प्रकरण इंग्लंडचं आहे, आणि तिथे धर्माचा काही संबंध नव्हता.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची 'होरायझन' नावाची हिशेबाची यंत्रणा बसवली. शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते म्हणत, आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्रातच गडबड आहे. पोस्ट ऑफिस म्हणे, यंत्र ठीक आहे. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. २०१० मध्ये एका महिला उपपोस्टमास्तरच्या खटल्यात बचावपक्षाने यंत्रणेच्या नोंदी मिळाव्यात म्हणून पुन्हा पुन्हा अर्ज केले. ते मान्य झाले नाहीत. गरोदर असताना तिला १५ महिन्यांची शिक्षा झाली.

यंत्रणेतल्या दोषांची यादी प्रत्यक्षात ठेवलेली होती. आमच्या धंद्यात अशी यादी प्रत्येक यंत्रणेची असते. नसेल तर ती यंत्रणा चालवणाऱ्यांवरच शंका घ्यावी. पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या वकिलाने २०१३ मध्येच लेखी कळवलं होतं की फुजित्सूच्या तज्ज्ञ साक्षीदाराने माहीत असलेले दोष कोर्टाला सांगितले नाहीत. तो कागद शिक्षा झालेल्यांना अनेक वर्षं मिळाला नाही. शेवटी ५५५ जणांनी मिळून दिवाणी दावा लावला, त्यात दस्तऐवज उघड करावे लागले आणि डिसेंबर २०१९ च्या निकालात होरायझनचे दोष सिद्ध झाले. मग तिथल्या फौजदारी प्रकरण फेरतपासणी आयोगाने प्रकरणं अपील न्यायालयाकडे पाठवली. २३ एप्रिल २०२१ रोजी ३९ जणांच्या शिक्षा एका दिवशी रद्द झाल्या. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा रद्द केल्या. काही माणसं तोवर मरून गेली होती.

यातून दोन धडे मला महत्त्वाचे वाटतात. इंग्लंडमध्ये पूर्वी संगणकाचा पुरावा देणाऱ्याला, संगणक नीट चालत होता, हे दाखवावं लागे. ती अट काढली गेली आणि यंत्र बरोबरच असणार, असं गृहीत धरलं जाऊ लागलं. आपल्याकडे प्रमाणपत्राची अट आहे, ती कटकट वाटते, पण ती पुरावा देणाऱ्यावर जबाबदारी टाकते. ती सैल होऊ देऊ नये. दुसरा धडा त्या आयोगाचा. सगळी अपिलं संपल्यावरही शिक्षेची चौकशी करणारा आणि सरकारी कार्यालयांकडून कागद सक्तीने मागवणारा आयोग इंग्लंडमध्ये १९९७ पासून आहे. आपल्याकडे तसा नाही. आपल्या चळवळीने मागणी करायची तर अशा आयोगाची करावी. तिचा फायदा तुरुंगातल्या प्रत्येक गरिबाला होईल, त्याचं आडनाव काहीही असो.

आपण काय करायचं

आता कामाच्या गोष्टी सांगतो. आज इथे पंचवीस-तीस जण आहात. प्रत्येक वस्तीत दोघांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

अटक झाली की पहिल्या आठवड्यात पुराव्याच्या जागांची यादी करा. कुठले कॅमेरे, कुठली पावती, कुठलं तिकीट, कुणाचा मोबाइल. ज्याच्या ताब्यात आहे त्याला लेखी कळवा की ही नोंद पुसू नका, आणि पोहोच घ्या. त्याच आठवड्यात वकिलामार्फत कोर्टात नोंदी जतन करण्याचा अर्ज द्या. जतन करा आणि मला द्या, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. 'द्या' म्हणायला कोर्ट वेळ घेईल, 'जतन करा' म्हणायला फारसं अडत नाही.

नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रण करणं पोलिसांना बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. ते मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो प्रत्येक वेळी यशस्वी होणार नाही, पण नकारसुद्धा लेखी असतो.

शिक्षा झालीच, तर निकालाची प्रत विनामूल्य मिळते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला सर्वसाधारणपणे ६० दिवस असतात. फाशी असेल तर ३०. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३०. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका. पैसे नाहीत म्हणून अपील अडत असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या व्यक्तीला आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक मोबाइलमध्ये आत्ताच घाला.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं आपल्याकडे म्हणतात. पण पायरी चढायची की नाही हे नेहमी आपल्या हाती नसतं. चढावी लागली तर रिकाम्या हाताने चढू नये, एवढं मात्र आपल्या हाती आहे.

आणि एक शेवटचं. आपल्या वस्तीतल्या पोरासाठी आपण ज्या तळमळीने कॅमेऱ्याचं चित्रण शोधू, त्याच तळमळीने ते फिर्यादीसाठीही शोधता आलं पाहिजे. चित्रणात आपलाच मुलगा दगड मारताना दिसला, तर ते पुसायचं नाही. बेस्ट बेकरीच्या साक्षीदारांसाठी आपण ज्या कलमाचं दार उघडा म्हणालो, ते उद्या आपल्या विरुद्धही उघडेल. तेव्हाही ते उघडंच राहावं, असं म्हणता आलं, तरच न्यायाची आपली मागणी खरी.

तुमचे प्रश्न असतील तर विचारा. नेमक्या खटल्याबद्दलचे प्रश्न मात्र वकिलांनाच विचारा, आणि जाताना कागद घेऊन जा.